तिचं 'नको' कुठं गेलं?

गेल्या महिन्यात आमच्या भिशीत एक विषय निघाला आणि तेव्हापासून तो डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहायला बसले. बेळगावातल्या टिळकवाडीतली भिशी, बारा-तेरा बायका, निम्म्या मराठी घरातल्या निम्म्या कानडी. आमच्या ओळखीतल्या एकीची घटस्फोटाची केस चाललीय आणि समझोत्याच्या बैठकीत नवऱ्याकडच्यांनी तिचेच जुने व्हॉट्सॲप मेसेज काढून दाखवले, लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतले. "तू सांगशील तसं", "मला तुझ्या ताब्यात राहायला आवडतं", असले. त्याच्यावरनं त्यांचं म्हणणं असं की बाईला हेच आवडायचं, मग नंतर जे झालं त्याला मारहाण कशी म्हणायची. (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) भिशीत लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणाली, "तिलाच आवडायचं म्हणे की, मग आता रडायलीय कशाला?" दुसरी म्हणाली, "अगं तसल्या बाईला डॉक्टरला दाखवायला पाहिजे, लहानपणी काहीतरी झालं असणार, नाहीतर शहाणी बाई असलं लिहील का?" अर्धा तास हे चाललं, पोहे गार झाले, आणि दोघींना वाटत होतं आपण एकमेकींच्या अगदी विरुद्ध बोलतोय.

माझ्या मते दोघी एकच बोलत होत्या. पहिलीच्या हिशेबानं तिनं एकदा 'हो' म्हटलं म्हणजे तिचं 'नको' कायमचं संपलं. दुसरीच्या हिशेबानं ती 'हो' म्हणाली हाच ती शुद्धीवर नसल्याचा पुरावा, म्हणजे तिचं 'हो' पण धरायचं नाही आणि 'नको' पण धरायचं नाही. दोन्हीकडं ती बाई गायब. दोन सज्ञान माणसं आपसात बोलून ठरवतात की आपल्या नात्यात एकानं ताबा द्यायचा आणि दुसऱ्यानं घ्यायचा, तर त्यातलं ताबा देणारं माणूस, ज्याला इंग्रजीतनं आलेल्या शब्दात सबमिसिव्ह म्हणतात, ते दुबळं नसतं, आजारी नसतं, आणि त्यानं आपला नकार कुणाला विकलेला नसतो. हे मी स्पष्ट म्हणतेय कारण ह्याच्या उलट जी समजूत आहे ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते मारणाऱ्या नवऱ्याला. आणि मी हे बाहेरनं बघून लिहीत नाहीये. माझ्या संसाराला सतरा वर्षं झाली, आमच्या नात्यात ताबा देणारी मी आहे. भिशीत हे बोलायचं धाडस झालं नाही, त्याची टोचणी पण ह्या लिहिण्यात आहे.

पहिली अडचण शब्दांची. सबमिसिव्हला मराठी शब्द शोधायला गेलं की दासी, गुलाम, लाचार, पायपुसणं हेच हाताला लागतात, पुरुष असेल तर ताटाखालचं मांजर, आणि एकदा हे शब्द वापरले की पुढचा सगळा विचार त्याच उतारावरनं घसरतो. पण एक शब्द आपल्याकडं फार चांगला आहे, स्वाधीन. स्व-अधीन, म्हणजे स्वतःच्याच ताब्यात असलेला. आणि तोच शब्द आपण देण्यासाठी वापरतो, किल्ल्या स्वाधीन केल्या, पोर आजीच्या स्वाधीन केलं. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात आणि माझ्या अनुभवात ते अगदी तसंच आहे, जे माझ्या ताब्यात आहे तेवढंच मला दुसऱ्याच्या स्वाधीन करता येतं. गावाला जाताना घराची किल्ली आपण शेजारच्या काकूंकडं देतो, विश्वास आहे म्हणून देतो, कुठली खोली उघडायची कुठली नाही ते सांगून देतो, आणि आल्यावर मागून घेतो. कुणी हिसकावून घेतली तर किल्ली स्वाधीन केली असं कोण म्हणेल?

आता हे चालतं कसं ते थोडं सविस्तर सांगते, कारण बोलणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ऐकलेलंच नसतं, त्यांच्या डोळ्यांपुढं फक्त चाबूक आणि रडणारी बाई असते. सुरुवात बोलण्यापासनं होते आणि हे बोलणं लाजिरवाणं असतं, लांबलचक असतं. काय चालेल, काय कधीच चालणार नाही, काय आज नको पण पुढं बघू. माझी पाठ बाळंतपणानंतर दुखते, म्हणून काही गोष्टी बाद. माझ्या रंगावरनं लहानपणी खूप बोलणी खाल्लीयत, म्हणून खेळात सुद्धा त्या विषयावर एक अक्षर काढायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. थांबायचा एक शब्द ठरवायचा, सेफवर्ड म्हणतात त्याला, असा की चुकून तोंडात येणार नाही आणि आला तर दुसरा अर्थ निघणार नाही. आमचा शब्द 'गेट' आहे. टिळकवाडीत राहणाऱ्याला रेल्वे गेट पडलं म्हणजे काय ते समजावून सांगायला नको, पुढं कितीही घाई असू दे, थांबायचं. बोलता येत नसेल अशा वेळी हातात किल्ल्यांचा जुडगा असतो, तो खाली टाकला की झालं. आणि संपल्यावर उठून निघून जायचं नसतं, पांघरूण, पाणी, जवळ बसणं, आणि दुसऱ्या दिवशी परत बोलणं की काल काय बरं वाटलं काय टोचलं. ह्याला आफ्टरकेअर म्हणतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

सतरा वर्षांत तो शब्द मी मोजक्या वेळा वापरला असेल. एकदाचं लक्षात आहे. माझी आई गेली त्याला दोन-तीन महिने झाले होते, सगळं ठरल्याप्रमाणं चाललेलं, काही दुखत नव्हतं, आणि मधेच मला तिचे हात आठवले. मी गेट म्हटलं. तो थांबला, दिवा लावला, पाणी आणून दिलं आणि शेजारी बसला. कारण विचारलं नाही. मी सांगितलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. ज्याला वाटतं सबमिसिव्ह बाईला मत नसतं त्याला मी विचारते, तुमच्या घरात 'थांब' म्हटल्यावर कारण न विचारता कोण किती पटकन थांबतं? मी हा प्रश्न चिडून विचारत नाहीये, मला खरंच वाटतं की प्रत्येक जोडप्यानं एकदा ह्याचं उत्तर स्वतःशी द्यावं.

आणि एवढं सगळं ठरवायचं तर ताबा देणाऱ्याला स्वतःला ओळखावं लागतं. मला काय आवडतं, काय सहन होतं, कशाची भीती वाटते आणि ती भीती खरी की नुसती शिकवलेली. माझ्या आईला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं की तुला काय आवडतं, भाजीबद्दल सुद्धा नाही. मला स्वतःला ही उत्तरं द्यायला तिशी उजाडली. मान खाली घालून जगणाऱ्या बाईला हे जमत नाही, कारण तिला 'नको' म्हणायची सवयच नसते, आणि जिला 'नको' म्हणता येत नाही तिच्या 'हो'ला काय किंमत? म्हणून ह्यातली जुनीजाणती माणसं अशा बाईला किंवा पुरुषाला सांगतात, आधी नकार द्यायला शीक, मग इकडं ये. न्यूयॉर्कमधल्या असं नातं जपणाऱ्या समलिंगी पुरुषांच्या एका गटानं १९८३ मध्ये सेफ, सेन, कन्सेन्शुअल हे तीन शब्द वापरायला सुरुवात केली, सुरक्षित, शुद्धीवर राहून आणि संमतीनं, ते पुढं जगभर गेले. ह्यावरनं भांडणं पण झाली, की शंभर टक्के सुरक्षित असं काही असतं का, धोका समजून घेऊन म्हणणं जास्त प्रामाणिक नाही का. ज्यांना आपण बिनडोक समजतो ते लोक इतकी वर्षं संमती ह्या एका शब्दावर असा खल करतायत.

दुसरा गैरसमज, सबमिसिव्ह म्हणजे सगळ्यांपुढं वाकणारी. तालमीत जाऊन बघा. पोरगं वस्तादांचे पाय चेपतं, वस्ताद म्हणतील तेवढ्या जोर-बैठका काढतं, सांगतील ते खातं, आणि तेच पोरगं आनंदवाडीच्या मैदानात उतरलं की समोरच्याला चितपट करतं. वस्तादांपुढं वाकलं म्हणून ते गल्लीतल्या कुणाही पुढं वाकणार असं बेळगावातलं कुठलं माणूस म्हणेल? पण बाईच्या बाबतीत लगेच म्हणतात. आणि पुरुष असेल तर विचारूच नका. निपाणीकडचं एक जोडपं मला माहीत आहे, त्यात ताबा देणारा तो आहे, घेणारी ती. तो म्हणाला होता की बायकोपुढं गुडघे टेकायला मला कधी लाज वाटली नाही, लाज वाटते ती भावकीत कुणाला कळलं तर काय ह्या विचाराची. त्याला बायल्या म्हणणारे लोक खरं तर बायकांबद्दलच बोलत असतात, ताबा देणं हे बाईचं काम, पुरुषानं केलं तर तो पडला. आता ह्याच्या उलट एक गोड समजूत पण ऐकायला येते की दिवसभर हुकूम सोडणारी मोठी माणसंच रात्री असलं काही मागतात, ताण उतरवायला. असतील तशी काही. पण मी जीएसटीची रिटर्न भरणारी साधी बाई आहे, मला कुठल्या सिंहासनावरनं उतरायचं नाहीये, आणि आमच्या बाजूनं बोलायचं म्हणून कुणी आम्हाला मोठं करून दाखवायची गरज नाही.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो मी हलका करून मांडणार नाही. तो असा की बाई, तुझी ही संमती तरी तुझी आहे का? जिला जन्मल्यापासनं मान खाली घालायला शिकवलं तिला मान खाली घालणं आवडायला लागलं तर त्याला निवड म्हणायचं का? हा प्रश्न दुसरीकडं कुठं पुस्तकी वाटत असेल, आमच्याकडं तो रस्त्यावर दिसतो. सौंदत्तीचा डोंगर इथनं लांब नाही. मी स्वतः जाऊन भंडारा लावून आलेय, माझी यल्लम्मावर श्रद्धा आहे. पण यल्लम्मा म्हणजे रेणुका, तिची कथा काय आहे? क्षणभर मन विचलित झालं म्हणून नवऱ्यानं हुकूम दिला आणि पोटच्या पोरानं मान उतरवली. आणि त्याच देवीच्या नावानं पिढ्यान् पिढ्या पोरी सोडल्या, गळ्यात दर्शन, म्हणजे देवीला वाहिल्याची मण्यांची माळ, बांधलं, वयात यायच्या आधी, जात बघून, गरिबी बघून. आपला भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता, तिथं १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, मग १९८२ मध्ये कर्नाटकानं बंदीचा कायदा केला, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी परत कायदा करायची वेळ आली. त्या बायकांनाही सांगितलं जायचं की हे तुझं समर्पण आहे, भाग्य आहे. तेव्हा ह्या मातीत बसून कुणी समर्पण हा शब्द उच्चारला की ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांचा काटा बरोबर आहे. मला पण येतो.

पण मग नीट बघूया की त्या पोरीकडं काय नव्हतं. वय नव्हतं, माहिती नव्हती, विचारणारं कुणी नव्हतं, आणि मुख्य म्हणजे 'नको' म्हटलं तर पुढं काही बदलणार नव्हतं. अत्याचार तो तिथं आहे, वाकण्यात नाही. संमती शिकवलेली असू शकते हे मान्य, पण मग तो नियम फक्त आमच्यावरच का लावायचा? पाहून ठरवलेल्या लग्नाला 'हो' म्हणणारी मुलगी, नोकरी सोडून घरी बसलेली सून, नवऱ्यासाठी उपास धरणारी बायको, ह्यांची संमती तपासायला कोण जातं? कायद्याकडं बघा. आपल्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, बलात्काराच्या ६३ व्या कलमाला अजून अपवाद आहे की बायको अठराच्या खाली नसेल तर नवऱ्यानं केलेला संभोग बलात्कार नाही. २०२२ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं एका नवऱ्यावरचा बलात्काराचा आरोप रद्द करायला नकार दिला होता, त्याला पुढं सुप्रीम कोर्टात स्थगिती मिळाली. म्हणजे एका सहीवर किंवा सात पावलांवर आयुष्यभराचं 'हो' गृहीत धरणारी व्यवस्था ही साध्या लग्नाची आहे, आणि दर वेळी परत विचारायचं, मधेच थांबवता आलं पाहिजे, हा नियम ज्यांना आपण विकृत म्हणतो त्यांचा आहे. शिकवलेल्या संमतीची काळजी खरी असेल तर ती कुठं जास्त वाटायला पाहिजे?

हा वाद आपल्याकडं नवा पण नाही. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलं होतं, मोठेपणी त्यांनी त्या नवऱ्याकडं नांदायला जायला नकार दिला. १८८५ मध्ये एका न्यायाधीशानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, अपील झालं, आणि १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर मिटलं, आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. तेव्हा शिकलीसवरली माणसं, मोठमोठी नावं, म्हणत होती की ह्या बाईचं ऐकलं तर धर्म बुडेल. तिला हे लग्न नको आहे, एवढंच वाक्य कुणाला ऐकू येत नव्हतं. आमच्या ओळखीतल्या बाईच्या बैठकीत आज जे झालं ते ह्याच्यापेक्षा किती वेगळं आहे?

मग संस्कृतीवाले येतात आणि मला त्यांची सगळ्यात जास्त भीती वाटते कारण ते आमच्या बाजूचे असल्यासारखे बोलतात. पतिव्रता, समर्पण, दास्यभक्ती, हे तर आपलंच आहे म्हणे, बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं ह्यात विशेष काय. माफ करा, पण हे ते नव्हे. पतिव्रतेच्या कुठल्या कथेत थांबायचा शब्द आहे? भक्तीचं नाव घ्यायचंच तर जनाबाईंचं घ्या, स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेणारी ती बाई त्याच विठ्ठलाला घरच्यासारखं रागावते आणि जात्यावर दळायला बसवते. भक्ती आणि संसार एका तागडीत घालायचा माझा हेतू नाही, फक्त एवढंच की दासी म्हणवून घेण्यात सुद्धा आवाज शिल्लक राहू शकतो हे मराठी माणसाला सातशे वर्षांपासनं ठाऊक आहे.

खरं तर ह्या भागातल्या माणसाला हा फरक दुसऱ्या कुणी शिकवायला नको. मी रोज कानडी बोलते, ऑफिसात, बाजारात, शेजारी, आवडीनं बोलते, माझ्या मुलाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण १९५६ मध्ये आम्हाला न विचारता इकडं टाकलं ते दुखणं घरोघरी आहे, आणि २०२४ मध्ये पाट्यांवर साठ टक्के कन्नड असलंच पाहिजे असा कायदा झाला तेव्हा खडे बाजारात किती चिडचिड झाली. भाषा तीच, अक्षरं तीच, पाटीवर हौसेनं कन्नड लिहिणारा दुकानदार पण तोच असू शकतो. विचारून झालं की लादून झालं एवढाच फरक आणि तेवढ्यानं सगळं बदलतं. हे आम्हाला १ नोव्हेंबरला, काळा दिन पाळताना, बरोब्बर कळतं. मग घरातल्या बाईच्या बाबतीत का कळू नये?

दुसरा मुद्दा, ह्या नावाखाली गुंड लपतात. लपतात, शंभर टक्के. ॲपवर स्वतःला डॉमिनंट, म्हणजे ताबा घेणारे, म्हणवणारे, पहिल्या भेटीत हुकूम सोडणारे, 'खऱ्या सबमिसिव्हला लिमिट नसतात' असं पोरींना पटवणारे भरपूर आहेत. असं म्हणणारा माणूस भेटला तर त्याच मिनिटाला उठून निघा, त्याला हवीय ती फुकटची गुलाम. गळा दाबण्यासारख्या प्रकाराबद्दल तर मी स्पष्टच सांगते, त्याची सुरक्षित पद्धत नाही, दोघांची संमती असली तरी मेंदूला रक्त आणि हवा लागतेच. आणि कायद्यातही संमतीला मर्यादा आहे, असावीच. न्याय संहितेचं २५ वं कलम, जुन्या दंड संहितेतलं ८७, म्हणतं की अठरा वर्षांवरच्या माणसानं संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचा हेतू नसेल, तशी शक्यता ठाऊक नसेल, तर झालेल्या इजेसाठी तो गुन्हा नाही, आणि उदाहरण दिलंय गंमत म्हणून तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं. म्हणजे १८६० सालच्या त्या जुन्या दंड संहितेला सुद्धा समजत होतं की दोन मोठी माणसं समजून उमजून अंगावर घेतात ते वेगळं. पुढं २८ वं कलम सांगतं, भीतीपोटी किंवा गैरसमजातनं दिलेली संमती ही संमतीच नाही. ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचली की त्या बैठकीत काढलेल्या मेसेजचा निकाल तिथंच लागतो. पहिल्या दोन वर्षांत तिनं जे स्वाधीन केलं ते मागं घेतल्यावर जे झालं ते मारणं आहे, त्याला क्रूरता म्हणणारं ८५ वं कलम आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे.

उलट टोक पण बघितलंय जगानं. इंग्लंडमध्ये १९९३ साली त्यांच्या सर्वोच्च कोर्टानं, हाउस ऑफ लॉर्ड्सनं, तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला की आपसात संमतीनं असले प्रकार करणारे पुरुष गुन्हेगार, त्यांच्यातल्या एकानंही तक्रार केलेली नसताना. बॉक्सिंगला मात्र परवानगी. तिकडं 'हो' ऐकायला तयार नव्हते, इकडं बायकोचं 'नको' ऐकायला तयार नाहीत. आणि त्याच देशात पुढं मारून टाकलेल्या बायकांबद्दल 'तिलाच आवडायचं' असा बचाव इतका झाला की २०२१ मध्ये कायद्यात लिहावं लागलं की गंभीर इजेला ही सबब चालणार नाही. तो कायदा मला मान्य आहे.

तिसरा मुद्दा आजाराचा. मीही एकदा एका समुपदेशकाकडं गेले होते, मनात भीती होती म्हणून, आणि पाचव्या मिनिटाला प्रश्न आला, लहानपणी कुणी काही केलं होतं का. नव्हतं केलं. तरी तीन बैठका तेच उकरणं चाललं, मग मी जायचं सोडलं. ही सवय आली कुठनं? मॅसोकिझम हा शब्द १८९० मध्ये क्राफ्ट-एबिंग नावाच्या डॉक्टरानं काढला, त्या वेळी हयात असलेल्या एका लेखकाच्या आडनावावरनं, आणि त्याचं मत होतं की पुरुषानं असा ताबा दिला तर तो विकार, बाईनं पुरुषापुढं वाकणं मात्र निसर्गच. आमच्या भिशीतल्या दोन्ही पार्ट्या त्या एका माणसात होत्या बघा. आता डॉक्टर लोक पुढं गेलेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतनं परस्परसंमतीचा हा प्रकार आजार म्हणून काढून टाकला, ठेवला तो संमती नसलेल्या माणसावर जबरदस्ती करणाऱ्याचा. ऑस्ट्रेलियात १९ हजारांवर लोकांची फोनवरनं पाहणी झाली होती, २००८ मध्ये छापून आली, त्यात वर्षभरात असं काही केलेले पुरुष २.२ टक्के आणि बायका १.३ टक्के, आणि त्यांच्यावर आधी जबरदस्ती झाल्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं नाही. नेदरलँड्समध्ये २०१३ ला ९०२ जण तपासले, तुलनेला ४३४ साधे लोक, तिथंही ताबा देणारे मनानं खचलेले वगैरे दिसले नाहीत. ह्या दुसऱ्या अभ्यासात लोक आपणहून आले होते, दोन्ही देश परके आहेत, बेळगावच्या बाईबद्दल त्यावरनं सगळं कळत नाही हे मला मान्य. आणि ज्यांच्यावर लहानपणी खरंच अत्याचार झाला अशी माणसंही इथं असतात, जशी ती सगळीकडं असतात. त्यांना मदत मिळायला पाहिजे, पण त्यांचं 'हो' आणि 'नको' काढून घेऊन कुठली मदत होते?

गप्प बसलेलं बरं, असल्या गोष्टी चारचौघांत कशाला, असंही भिशीत एक जण म्हणाली. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून समाजस्वास्थ्य हे मासिक चालवलं, लोक खासगी शंका विचारायचे, ते उत्तरं द्यायचे, त्यासाठी कोर्टात खेचलं गेलं आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. आंबेडकर. केस हरले, दंड झाला. पण ज्यांनी त्या शंका विचारल्या होत्या त्यांचं काय झालं असतं उत्तर मिळालं नसतं तर? आमच्या त्या ओळखीतल्या बाईला पण लग्नाच्या आधी कुणी सांगितलं असतं की ताबा देणं वेगळं आणि मार खाणं वेगळं, शब्द ठरवायचा असतो, शब्द मोडला की नातं तिथं संपलं, तर तिनं चार वर्षं 'मीच तर म्हटलं होतं' असं म्हणत काढली नसती. तिला स्वतःलाच वाटत होतं की एकदा हो म्हटल्यावर आता तोंड नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

तिचे कागद लावून द्यायचं काम माझ्याकडं आहे, मला फायली जमतात म्हणून. चॅटची सगळी प्रिंट माझ्याकडं आहे, नुसती त्यांनी दाखवलेली पानं नव्हे. भिशी संपता संपता, सगळ्या चपला शोधायला लागल्या तेव्हा, आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर अक्का, कानडी घरातल्या, इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "ते सगळं असू दे. तिनं ब्याड म्हटलं होतं का?" ब्याड म्हणजे नको. एवढ्या वेळात हे विचारणाऱ्या त्या पहिल्या. मी म्हटलं होय अक्का, म्हटलंय, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, एकाच महिन्यात तीनदा, लिहून म्हटलंय, माझ्या पिशवीतच आहे तो कागद.

बायका थांबल्या. अक्का परत खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मग ते वाच की."